मळभाचा पुरावा

चष्मेवाल्याचे वडील इंग्रजी वाक्प्रचारांच्या जन्मकथा सांगत, आणि त्या खऱ्या असत. या धंद्यात या दोन गोष्टी एकत्र सहसा सापडत नाहीत.

दर रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत, राशिभविष्याच्या वर आणि केसगळतीच्या उपायांच्या खाली, त्यांचं सदर येई. एखादा रोजच्या बोलण्यातला इंग्रजी वाक्प्रचार, त्याचा अर्थ, आणि तो आला कुठून. कॉलेजात शिकवत असल्यापासून ते सदर चालू होतं. उत्तरपत्रिकेच्या समासात तांबड्या शाईने 'पुरावा?' असं लिहिण्याची त्यांना सवय होती, म्हणून पोरांनी त्यांचं नाव पुरावेसर पाडलं. ते नाव कॉलेजातून घरी आलं आणि घरचंच होऊन बसलं. चष्मेवाला लहानपणी पोट दुखतंय म्हणाला, तर वडील पुस्तकातून डोकं वर काढून विचारत, "पुरावा?" बिचाऱ्याला उलटी करून दाखवावी लागे. ती झाली की मात्र ते जातीने बादली धरत. माणूस वाईट नव्हता. पुराव्याशिवाय हलत नव्हता, इतकंच.

आता त्यांचा हात थरथरायचा, म्हणून ते सकाळी दुकानात येऊन बसत आणि मजकूर सांगत. दुकान म्हणजे चष्मेवाल्याचंच. भिंतीवर फ्रेमा, आतल्या अंधाऱ्या खोलीत डोळे तपासायची खुर्ची, समोर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाईक नसलं की चष्मेवाला कॉम्प्युटरवर टाइप करी. "हे बरं दिसतंय, की हे?" असं दिवसभर लोकांना विचारणाऱ्या माणसाला वडिलांनी सांगितलेलं निमूटपणे उतरवून घेणं म्हणजे विश्रांतीच होती.

एका सकाळी वडील 'कोल्ड फीट' सांगायला बसले. अर्थ, ऐन वेळी कच खाणं. तो बरोबर सांगितला. मग म्हणाले, "पूर्वी इंग्लंडात लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाला चर्चच्या गार फरशीवर अनवाणी उभं करत. जो उभा राहील त्याला मुलगी मिळे. जो मोजे मागेल त्याला नाही."

चष्मेवाल्याची बोटं थांबली. "बाबा, हे कुठे दिलंय?"

"सगळीकडे," वडील म्हणाले आणि चहा प्याले.

वडिलांचेच कोश घरी होते. त्याने ते चाळले. तिथे नवरा मुलगा नव्हता, फरशी नव्हती आणि मोजे तर नव्हतेच. उगम नक्की माहीत नाही, असं सरळ लिहिलेलं होतं. ज्या माणसाने जन्मात 'बहुधा' हा शब्द दोनदा तपासल्याशिवाय वापरला नाही, तो बसल्या बसल्या चर्च बांधत होता.

डॉक्टरांनी पुढे या दुखण्याला नाव दिलं, फोटोत मेंदू दाखवला आणि "हे हळूहळू होत जाईल" असं धीर दिल्यासारखं सांगितलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "सदर बंद करा म्हणावं आता."

"आणि काय सांगू? का बंद?"

"तब्येत."

"तब्येतीला काय झालंय विचारतील. बाहेर कळलं तर त्यांचेच विद्यार्थी मागची सगळी सदरं काढून बसतील, यातलं खरं कुठलं म्हणून. त्यांना दुसरं काय आहे सांग. ही एकच गोष्ट कमावली त्यांनी, की ते चुकत नाहीत."

मग चष्मेवाल्याने मधला मार्ग काढला. वडील सांगतील ते उतरवून घ्यायचं आणि छापायला पाठवताना कोशातलं खरं घालायचं. काही रविवार हे सुरळीत चाललं. मग एका आठवड्यात काच घासायचं मशीन बंद पडलं, गिऱ्हाइकांची रांग लागली, आणि 'ब्रेक द आइस', म्हणजे अवघडलेपण मोडणं, वडिलांनी सांगितलं तसंच गेलं. कोशातली नदी, गोठलेलं पाणी, वाट फोडत जाणारी बोट यांपैकी त्यात काही नव्हतं. वडिलांच्या कथेत दोन व्याही होते. ते समोरासमोर बसून एक अक्षर बोलत नव्हते, आणि एका म्हाताऱ्याच्या तोंडात सरबतातला बर्फ कडकन फुटल्यावर हसू लागून एकदम नातेवाईक झाले.

सोमवारी पुरवणीवाल्या बाईंचा फोन आला. बाई तरुण होत्या, चटपटीत होत्या, आणि पुरवणीत जागा भरण्याची जबाबदारी सांभाळून हसऱ्या राहिल्या होत्या.

"दादा, सर काय फॉर्मात आलेत! पत्रांचा पाऊस पडलाय. एक वाचक म्हणतात, त्यांच्या व्याह्यांना वाचून दाखवलं."

"हो का," चष्मेवाला म्हणाला.

पुढच्या आठवड्यात त्याने खरं पाठवलं. फोन पुन्हा आला. "दादा, रागावू नका हं, पण हे जरा कोरडं वाटतंय. सरांचा हात नाही लागला का याला?"

सरांचा हात त्या कोरड्यालाच लागला होता. आयुष्यभराचा लागला होता. हे बाईंना सांगण्याची सोय नव्हती. चष्मेवाल्याने वडिलांनी सांगितलेलं पाठवलं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. वडिलांची कीर्ती वाढत चालली आणि तो दर रविवारी पुरवणी उघडायच्या आधी डोळे मिटायला लागला.

मग बाईंनी वाचकांचा मेळावा ठरवला. वाचनालयाचा हॉल, फुलांचा गुच्छ, आणि सरांचं भाषण.

"नाही जमणार," चष्मेवाला म्हणाला.

"का हो?"

"ते जरा... हे आपलं... हवा बदललीय ना."

"म्हणजे अंडर द वेदर!" बाई आनंदाने ओरडल्या. "बघा, विषय पण तुम्हीच दिलात. सरांना सांगा, यावरच बोला. तोवर बरे होतील. बॅनर आजच टाकते छापायला."

फोन ठेवून चष्मेवाला तोंडात मारल्यासारखा बसून राहिला. आपल्या घरात दुखणं सरळ सांगायची रीतच नाही, हे त्याच्या मनात आलं, आणि तेवढ्यात एक आजोबा चष्म्याची वाकलेली काडी घेऊन दुकानात शिरले.

आता काहीच हातात नव्हतं, तेव्हा त्याने हातातलं सगळं केलं. 'अंडर द वेदर' कोशातून काढलं. अर्थ, जरा बरं नसणं. उगम बहुधा जहाजावरचा. वादळात प्रकृती बिघडलेल्या माणसाला वाऱ्यापावसापासून लांब, खाली नेऊन ठेवत असावेत. कोशकारांनीही 'असावेत'च म्हटलं होतं. त्याने तो मजकूर ठळक मोठ्या अक्षरांत कागदावर काढला आणि वडिलांसाठी खास चष्मा केला. वाचायच्या चष्म्याने हातातलं पुस्तक दिसतं. भाषणाच्या टेबलावरचा कागद थोडा लांब असतो. ते अंतर मोजून त्याने नंबर काढला. आयुष्यात त्याने इतक्या निगुतीने काच घासली नव्हती. वडिलांनी घरी तालीम केली तेव्हा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

"पुरावा आहे ना?" त्यांनी मधेच विचारलं.

"आहे बाबा. तुमच्याच कोशात."

"मग हरकत नाही."

मेळाव्याला हॉल भरला होता. पहिल्या रांगेत चष्मेवाला आणि त्याची बायको. पुरवणीवाल्या बाईंनी सरांचा उल्लेख 'चालताबोलता कोश' असा केला. वडील उठले, टेबलापाशी गेले, कागद पसरला, खिशातून डबी काढली आणि चष्मा लावला.

मग काढला. पुसला. पुन्हा लावला.

"काय झालं?" बायको कुजबुजली.

चष्मेवाल्याने डबीकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. त्याच्या घरात सगळ्यांचे चष्मे त्याच्याच दुकानातले. सगळ्यांच्या डब्या सारख्या, काळ्या, झाकणावर दुकानाची सोनेरी चिकटपट्टी. निघताना गडबडीत त्यानेच कपाटातून एक उचलून वडिलांच्या खिशात घातली होती. वडिलांच्या हातात आता होता तो आईचा चष्मा.

आई जाऊन बराच काळ लोटला होता. चष्मा टाकवत नव्हता, म्हणून राहिला होता.

वडील काड्या धरून त्या चष्म्याकडे बघत राहिले. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. चष्मेवाला अर्धवट उठला, तसा मागचा माणूस म्हणाला, "अहो, बसा की, दिसत नाही." तो बसला.

"जहाजाबिहाजाचं सांगतात," वडील बोलू लागले. कागद त्यांनी घडी घालून बाजूला ठेवला. "असेल. पण हा वाक्प्रचार एका घरातून आला. नवराबायकोचं घर. नवरा शिकलेला होता. फार शिकलेला होता."

लोक हसले. पहिल्या वाक्यापासून हसायचं, असं ठरवूनच आले होते.

"त्या घरात कुणी दुखतंय म्हणालं की नवरा पुरावा मागायचा. म्हणून ती बाई दुखतंय असं म्हणतच नसे. स्वयंपाकघरातून विचारायची, अहो, आज मळभ आलंय का? मग नवरा उठायचा. खिडकी उघडायचा. बघायचा. आणि सांगायचा, नाही, लख्ख ऊन आहे. ती म्हणायची, असेल. आणि तो पुन्हा पुस्तकात."

पुन्हा हशा. चष्मेवाल्याच्या बायकोने त्याच्या मनगटावर हात ठेवला. तिला कळलं होतं. त्यालाही कळत होतं, पण त्याला आणखी काहीतरी कळत होतं.

आई त्याच्याही दुकानात फोन करायची. "तिकडे अंधारून आलंय का रे?" आणि तो, दोन गल्ल्या पलीकडे बसलेला, म्हणायचा, "काहीतरीच काय आई, इथे ऊन डोळ्यांवर येतंय." मग एकदा त्याला वाटलं, सारखं अंधुक म्हणतेय तर नंबर वाढला असेल. त्याने तिला खुर्चीत बसवलं. हे बरं, की हे? ती दर वेळी म्हणाली, "तू म्हणशील ते." त्याने नंबर वाढवून नवा चष्मा करून दिला. तिने तो लावला, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "हो रे, आता छान दिसतंय." मुलाच्या कामाला नावं ठेवणारी बाई नव्हती ती.

वडिलांच्या हातात तोच चष्मा होता.

"एके दिवशी," वडील सांगत होते, "ती पलंगावरून म्हणाली, आज मळभ फार आहे हो. नवऱ्याला वाटलं, आज नीटच बघू. म्हणजे पुन्हा प्रश्न नको. तो गच्चीवर गेला. चारी बाजूंना फिरून बघितलं. एक ढग नव्हता. एवढासा पण नव्हता. ते सांगायला तो खाली आला."

ते थांबले. चष्मा डबीत ठेवला. डबीचं झाकण नीट बसलंय का ते दाबून पाहिलं.

"सांगितलं त्याने," ते म्हणाले. "पूर्ण सांगितलं."

या वेळी कुणी हसलं नाही. चष्मेवाल्याला वाटलं, आता कळलं सगळ्यांना. त्याच्या मनात भीती आणि सुटका एकदमच आली. मग वडिलांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि ते नेहमीच्या वर्गातल्या आवाजात म्हणाले, "तेव्हापासून इंग्लंडात कुणाला बरं नसलं की अंडर द वेदर म्हणतात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या माणसाने डोळे पुसले आणि शेजाऱ्याला सांगितलं, "हे इंग्रज लोक असेच. भावना म्हणून नाही."

एका मुलीने हात वर केला. "सर, हे साधारण कुठल्या काळातलं?"

"मागच्या," वडील म्हणाले, आणि तिने ते वहीत लिहून घेतलं.

घरी परतताना गाडीत चष्मेवाल्याने धीर करून विचारलं, "बाबा, ती बाई..."

"कुठली?" वडील म्हणाले. हातातल्या गुच्छातली पानं ते एक एक करून सरळ करत होते.

बाईंना मजकूर हवा होता, पूर्ण पान देणार होत्या. चष्मेवाल्याने सकाळी दुकान उघडल्या उघडल्या तो टाइप केला, वडील बोलले तसाच. त्याने ठरवलं होतं, एवढं एक तरी जसंच्या तसं जाऊ दे. खोट्या कथांच्या रांगेत ही एक उभी राहील आणि कुणाला कळणारही नाही, पण वडिलांच्या नावावर राहील. आईच्याही. वडिलांनी ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. आयुष्यात एकदाच सांगितलं होतं. आता त्यांनी ते वाचावं आणि "हो, असंच झालं" एवढं म्हणावं, इतकीच त्याची अपेक्षा होती. त्याने कागद छापून त्यांच्यापुढे ठेवला. बरोबर चष्मा दिला. डबी दोनदा उघडून बघितली.

त्या दिवशी वडिलांचं डोकं स्वच्छ होतं. असे दिवस अधूनमधून येत. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, खिशातून तांबडं पेन काढलं आणि थरथरत्या हाताने समासात लिहिलं, 'पुरावा?'

"हे कुणी लिहिलंय?"

"तुम्ही बोललात बाबा. काल."

"मी?" त्यांना खरोखर अपमान वाटला. "अंडर द वेदर जहाजावरचं आहे. तेही बहुधा. कोशात बघ. आणि ही गोष्ट कुणी रचली? बायको काय म्हणतेय ते कळू नये, इतका मठ्ठ नवरा असतो का कुठे?"

चष्मेवाला काउंटरची काच पुसू लागला. ती स्वच्छ होती.

"असतो म्हणे," तो म्हणाला.

"कोण म्हणे? नाव सांग. ग्रंथ सांग."

"मी होतो तिथे, बाबा."

वडिलांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. नापास करताना विद्यार्थ्याकडे जशा दयेने बघत, तसं पाहिलं. "तू होतास, हा पुरावा नाही. उद्या कुणीही म्हणेल मी होतो. खोड हे. जहाजाचं लिही."

त्याने खोडलं. जहाजाचं लिहिलं. वडिलांनी स्वल्पविरामापर्यंत तपासलं, मान डोलावली आणि त्याने ते पाठवून दिलं. वडील म्हणाले ते पहिल्यांदाच, कितीतरी महिन्यांनी, खरं होतं आणि जसंच्या तसं गेलं होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता.

थोड्या वेळाने बाईंचा फोन आला. "दादा, हे काय जहाज पाठवलंत? असू दे, असू दे. मी हॉलमध्ये रेकॉर्ड केलंय, तेच उतरवून लावते. फक्त शेवटी जरा बदल करतेय हं. नवरा खाली येतो तेव्हा ती बाई बरी झालेली असते आणि दोघं मिळून चहा पितात. रविवार आहे ना, लोकांना सकाळी सकाळी जड नको."

"अहो बाई, पण..."

"पण काय?"

पण काय, हे सांगायला त्याला पुरावा लागला असता. "काही नाही," तो म्हणाला.

फोन ठेवला तेव्हा वडील दाराजवळच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले होते. तांबडं पेन हातात तसंच उघडं होतं, शर्टाला शाई लागत होती. चेहऱ्यावरचं ते स्वच्छ काहीतरी गेलं होतं. ते दारातून बाहेर बघत होते.

"काय रे," ते म्हणाले, "आज मळभ आलंय का?"

चष्मेवाला काउंटरवरून बाहेर आला. बाहेर बघितलं नाही. आपल्याला आता तरी हे कळलंय, असं त्याला वाटलं. तो वडिलांसमोर गुडघ्यांवर बसला, त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं, टोपण लावलं.

"कुठे दुखतंय, बाबा?"

"कुणाला?"

"तुम्हाला. काय होतंय? छातीत? डोकं?"

वडील वैतागले. "मी हवेचं विचारतोय. विचारलेल्याचं उत्तर द्यावं माणसाने. जा, बघून ये."

"बाबा..."

"बघून ये म्हटलं ना. अंदाजाने सांगू नकोस."

चष्मेवाला उठला आणि दुकानाबाहेर फुटपाथवर जाऊन उभा राहिला. त्याने मान वर केली. माणसं त्याला वळसा घालून जात होती. एकदोघांनी थांबून वर पाहिलं आणि काही नाही असं बघून ते पुढे गेले. काचेपलीकडे वडील दोन्ही हात मांडीवर ठेवून, उत्तराची वाट बघत ताठ बसले होते. आत जाऊन काय सांगायचं ते त्याला कळेना, म्हणून तो बघतच राहिला, चारी बाजूंना, नीट.